भराव टाकू नका! ओसाड प्लॉटची पाणी जिरवणारी बाग

सोलापूरच्या हद्दवाढ भागात प्रत्येक नगरात असा एक प्लॉट असतोच. लेआउटच्या नकाशावर तिथं 'खुली जागा' लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात वेडी बाभूळ, फुटक्या कमोडचे तुकडे, कुणाच्या तरी पाडलेल्या भिंतीचा राडारोडा आणि डुकरं. उन्हाळ्यात पोरं तिथं क्रिकेट खेळतात, सप्टेंबरात तळं होतं, आणि ते पाणी शेजारच्या गल्लीत शिरलं की सह्या गोळा करून झोन कार्यालयात निवेदन जातं: 'सदर जागेवर मुरूम टाकून भराव करून मिळावा.'

हे निवेदन मी स्वतः लिहिलेलं आहे. दुर्दैवानं मंजूरही झालं. ट्रिपांवर ट्रिपा मुरूम पडला, जागा रस्त्यापेक्षा फूटभर उंच झाली, सगळ्यांनी नारळ फोडला. त्या वर्षी पाणी प्लॉटवर थांबलं नाही, सरळ समोरच्या चार घरांच्या ओट्यांवर गेलं. पुढं तोच मुरूम उकरून काढताना आमच्या मिस्त्रीमामांनी एकच वाक्य ऐकवलं: "साहेब, पाण्याची जागा तुम्ही घेतली, मग पाण्यानं तुमची घेतली."

म्हणून या लेखातली पहिली पायरी म्हणजे न करायची गोष्ट आहे. भराव टाकू नका. तो प्लॉट खोलगट आहे हीच त्याची कमाई. त्याला रस्त्यापेक्षा खालीच ठेवायचं, पाणी कुठून यावं, कुठं थांबावं आणि उरलेलं कुठून जावं हे ठरवायचं, आणि मग उरलेल्या जागेत बाक, झाडं, झोपाळे बसवायचे. बहुतेक बागा उलट क्रमानं होतात. आधी पेव्हर ब्लॉक, कारंजं आणि नावाची कमान, आणि पाण्याचं काय ते पावसाळ्यात बघू.

आपला पाऊस कसा पडतो

मुंबई-पुण्याच्या बागांचे आराखडे इथं जसेच्या तसे चालत नाहीत. सोलापुरात वर्षाचा पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे कोकणाच्या मानानं काहीच नाही. पण तो सारखा वाटून पडत नाही. जून-जुलै भुरभुर करत जातात, आणि सप्टेंबरात संध्याकाळी ढग भरून आले की तासाभरात रस्त्याचा ओढा होतो. ऑक्टोबर २०२० मध्ये परतीच्या पावसानं जिल्ह्याची काय दैना केली ते विसरलेलं कुणी नसेल. त्यानंतर सात-आठ महिने कोरडे, मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर, आणि नळाला पाणी काही दिवसांआड.

म्हणजे आपल्या बागेला एकाच वर्षात दोन कामं करायची आहेत: चार-सहा संध्याकाळी बुडायचं आणि उरलेले महिने तहान सोसायची. या गावाला ते नवं नाही. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी तलाव खोदवला तो याच हिशेबानं, आणि एकोणिसाव्या शतकात हिप्परग्याचा एकरुख तलाव बांधला गेला तोही त्याचसाठी. आपण त्यांची मुठीएवढी नक्कल करतोय, इतकंच.

जागा कुणाची, हे कागदावर बघा

'अहो, ती मनपाचीच आहे' या वाक्यावर एक रुपयाही खर्च करू नका. नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक काढा. भाग अजून बिगरशेती होऊन सिटी सर्व्हेत आला नसेल तर सातबारा. मनपाच्या नगररचना विभागातून मंजूर लेआउटची प्रत मागा. मिळत नसेल तर माहिती अधिकार कायदा, २००५ खाली साधा अर्ज करा, फार भांडावं लागत नाही.

साधारण तीन प्रकार निघतात. लेआउटची खुली जागा असेल तर काम सर्वांत सोपं, कारण मोठ्या लेआउटमध्ये दहा टक्के जागा मोकळी सोडायचा नियमच आहे आणि तिथं बाग होणं हाच तिचा उद्देश. विकास आराखड्यात बागेचं किंवा मैदानाचं आरक्षण असेल, पण जागा अजून ताब्यात घेतलेली नसेल, तर मूळ मालकाला १९६६ च्या नगररचना कायद्यानं हक्क आहेत. तिथं लोकवर्गणी घालण्याआधी वकिलाला विचारा. तिसरा प्रकार म्हणजे निव्वळ खासगी प्लॉट, मालक पुण्यात किंवा हैदराबादला. त्याच्याकडून लेखी, मुदतीचा करार मिळाला तरच हात घाला. तीन वर्षांनी झाडं मोठी झाली की प्लॉटचा भावही मोठा होतो.

परवानगी लेखी घ्या आणि तिच्यात तीन गोष्टी स्पष्ट येऊ द्या: देखभाल कोण करणार, रस्त्याच्या कडेचा दगड फोडून पाणी आत घ्यायला मनपाची हरकत नाही, आणि जादा पाणी कोणत्या पावसाळी गटारात किंवा नाल्यात सोडायचं. दुसरा मुद्दा सगळे विसरतात आणि तिथंच काम अडतं. मंडळ नोंदणीकृत असेल तर आमदार निधी, कंपन्यांचा सामाजिक निधी किंवा 'माझी वसुंधरा'सारख्या अभियानातली मदत मागताना दार लवकर उघडतं.

आणखी एक. सभेत कुणीतरी छोट्या देवळाचा किंवा समाजमंदिराचा विषय काढणारच. सार्वजनिक बागेत विनापरवाना धार्मिक बांधकाम करू नये असा सर्वोच्च न्यायालयाचा २००९ चा आदेश आहे, हे शांतपणे सांगा आणि पुढच्या विषयावर जा. वाद घालत बसू नका.

एक पावसाळा नुसतं बघा

शक्य असेल तर. लोकांना धीर नसतो हे मान्य, पण निदान दोन जोरदार पाऊस तरी छत्री घेऊन प्लॉटच्या कोपऱ्यावर उभं राहून बघा. पाणी कोणत्या गल्लीतून येतं, किती वाजता पोचतं, कुठवर चढतं. भिंतीवर खडूनं किंवा विजेच्या खांबावर रंगानं खूण करा. मोबाइलवर काढलेलं दोन मिनिटांचं चित्रण पुढं अधिकाऱ्यांना दाखवायला दहा निवेदनांपेक्षा उपयोगी पडतं. म्हाताऱ्या माणसांना विचारा. लेआउट पडण्याआधी इथून ओढा जात होता का, हे त्यांना ठाऊक असतं. पाण्यालाही ठाऊक असतं.

पर्जन्यमापक विकत आणायची गरज नाही. सरळ अंगाची, सपाट बुडाची बाटली वरून कापा, पट्टी चिकटवा आणि गच्चीवर उघड्यावर ठेवा. मिलिमीटर मोजता आले की पुढचा सगळा हिशेब आपल्या हातात येतो.

पावसाआधी, भर मे महिन्यात, आणखी एक तपासणी करा: ज्या गटारातलं पाणी आत घ्यायचा विचार आहे ते आत्ता वाहतंय का? पाऊस नसताना वाहणारं पाणी म्हणजे सांडपाणी. कुणाची तरी मोरी किंवा संडासाची टाकी पावसाळी गटाराला जोडलेली आहे. ते बागेत घेऊ नका. बाग नासते, वास सुटतो आणि सहा महिन्यांत लोकच गेट बंद करतात. आधी ती जोडणी तोडायला लावा, नाहीतर दुसऱ्या गल्लीचं पाणी घ्या. जवळपास सूत रंगवणारा कारखाना असेल तर पाण्याचा रंगही बघा. गुलाबी पाणी झाडांना नको.

माती: मे महिन्यात फसवते

काळ्या मातीचा गुण असा की उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या वेळी खड्डा करून पाणी ओतलं तर घटाघटा पितं, आणि आपण म्हणतो, वा, निचरा उत्तम! एकदा ती भिजून फुगली की भेगा मिटतात आणि तीच माती पाणी धरून बसते. म्हणून परीक्षा भिजलेल्या मातीची घ्यायची.

प्लॉटवर तीन ठिकाणी, जिथं पाणी थांबवायचा विचार आहे तिथं, फूटभर लांब-रुंद आणि दीड फूट खोल खड्डे घ्या. आदल्या दिवशी सकाळ-संध्याकाळ भरून ठेवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा, आत पट्टी उभी करा आणि तासाला पाणी किती मिलिमीटर उतरतं ते चार तास लिहीत राहा. शेवटच्या तासाचा आकडा खरा.

तासाला बारा-पंधरा मिलिमीटर उतरत असेल तर तुमचं नशीब थोर. पाचच्या खाली असेल तर पाणी नुसतं जिरवून चालणार नाही, खालून वाट द्यावी लागेल. सोलापुरात पुष्कळ ठिकाणी काळ्या मातीचा थर पातळ असतो आणि खाली मुरूम लागतो. म्हणून त्याच खड्ड्यांपैकी एक पहारीनं मुरूम लागेपर्यंत खाली न्या आणि तिथं पुन्हा हीच परीक्षा घ्या. काळी माती फूट-दीड फुटात संपते की चार फुटांपर्यंत जाते, यावर तुमचा निम्मा खर्च ठरणार आहे.

हिशेब: किती पाणी, केवढा खळगा

गणित सहावीचं आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी.

आमचा प्लॉट बारा गुंठे, म्हणजे सुमारे १,२०० चौरस मीटर. त्याच्याकडे उतार असलेल्या दोन गल्ल्या आणि त्या बाजूची छपरं धरून ३,००० चौरस मीटर. २५ मिलिमीटरची एक चांगली सर आली की ७५,००० लिटर पाणी पडतं. डांबर आणि स्लॅबवरून त्यातलं ८० टक्के वाहून येतं असं धरलं तर ६०,००० लिटर. दहा हजारांचे सहा टँकर, अर्ध्या-पाऊण तासात, फुकट, दारात!

हे पाणी २५ सेंटिमीटर, म्हणजे दहा इंच खोलीच्या खळग्यात थांबवायचं तर २४० चौरस मीटर जागा लागते. कडा उतरत्या असतात, त्यामुळं ३०० धरा. प्लॉटचा चौथा हिस्सा झाला. उरलेले तीन हिस्से माणसांना.

शंभर मिलिमीटर पडला तर? तर २,४०,००० लिटर येईल आणि आपली बाग त्याचा चौथा भाग पोटात घेईल. बाकीचं सांडव्यानं, म्हणजे जादा पाणी बाहेर सोडायच्या वाटेनं जाणार. 'पूर थांबेल' असं लोकांना सांगू नका. नेहमीच्या पावसाचं पाणी गल्लीत शिरणार नाही आणि मोठ्या पावसाचा लोंढा थोडा उशिरानं, थोडा कमी येईल, एवढंच खरं आहे. एवढंही पुष्कळ आहे.

पाणी दहा इंचांपेक्षा खोल साचू देऊ नका, मुलांची जागा आहे. कडेचा उतार तीनास एक ठेवा, म्हणजे फूटभर खाली उतरायला तीन फूट आडवं. आत पडलेलं पोर चालत बाहेर आलं पाहिजे.

कोण येणार बागेत, हे विचारा

आराखडा काढायच्या आधी आम्ही बैठक घेतली तर सगळे पुरुष आले आणि सगळ्यांना 'ओपन जिम' हवी होती. मग आमच्या पोचम्मा अक्कांनी, त्या विड्या वळतात, नंतर मला गाठून सांगितलं की दुपारी घरात पत्रा तापतो, आम्ही पाच-सहा जणी सुपं घेऊन बाहेर बसतो, आम्हाला सावलीतला कट्टा द्या, बाकी काय करायचं ते करा. दुपारी बारा ते चार या बागेत त्यांच्याशिवाय कुणीही नसतं. बाग राखतात त्याही त्याच. दारू पिणारे येऊन बसत नाहीत याचं कारण वॉचमन नाही, अक्का आहेत.

तेव्हा बैठक एक नको, तीन घ्या: एक संध्याकाळी सगळ्यांची, एक दुपारी बायकांची, एक मुलांची. आणि फलक मराठीबरोबर त्या गल्लीच्या भाषेतही लिहा. तेलुगू, कन्नड, उर्दू, जी असेल ती. 'इथं पाणी थांबणार आहे, ते आपोआप जाईल' हे वाक्य वाचता आलं नाही तर पहिल्याच पावसात कुणीतरी फोन करून पंप मागवतं.

खोदकाम

काम मार्च ते मे. पावसाळ्यात काळ्या मातीत जेसीबी घालणं म्हणजे स्वतःच्या हातानं बागेची वीटभट्टी करणं.

खोदण्यापूर्वी जमिनीखालून महावितरणची केबल, पाण्याची पाइपलाइन किंवा गॅसची नळी गेली आहे का ते त्या त्या खात्याकडून लेखी विचारून घ्या. राडारोडा आधी उचला. प्लास्टिक, काच, भंगार वेगळं काढा. भंगारवाला बरंच नेतो. विटांचे आणि काँक्रीटचे तुकडे ठेवून द्या, वाटांखाली भरायला लागतात. जुनं कडुनिंबाचं झाड असेल तर ते नकाशाचं मध्य माना. त्याच्या पसाऱ्याखाली ना खोदायचं, ना माती चढवायची, दोन्हीनं झाड दोन-तीन वर्षांत वाळतं. कोणतंही झाड तोडायचं असेल तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली मनपाच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी काढा. काटेरी झुडपं आणि झाड यांतला फरक पंचनाम्यात लिहून घ्या.

पातळी काढायला महागडं यंत्र लागत नाही. मिस्त्रीकडची पारदर्शक नळी, आत पाणी, बुडबुडा राहू द्यायचा नाही. रस्त्याची कड, प्लॉटची चारी टोकं, सांडवा जिथं सोडायचा त्या गटाराचा तळ, या सगळ्यांच्या पातळ्या वहीत लिहा. गटाराचा तळ खळग्याच्या तळापेक्षा वर निघाला तर तिकडे नळीनं पाणी जाणार नाही. हे खोदल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

मग चुन्यानं खळगा आखा. आकार पेरूसारखा, भेंडीसारखा, कसाही चालेल, चौकोनी हौद मात्र नको. घरांच्या पायापासून किमान १५ फूट दूर ठेवा, कारण काळी माती फुगली की भिंतींना तडे जातात आणि मग बागेचं नाव निघतं.

काळी माती फूट-दीड फुटात संपत असेल तर सगळा खळगा मुरुमापर्यंत न्या. जेसीबी कडेवर उभा करून त्याचा लांब हात आत घालून खोदू द्या, खळग्यात चाकं घालू देऊ नका. चाकांनी दाबलेल्या तळातून थेंब जिरत नाही. खोदून झालं की तळ टिकावानं चार बोटं उकरून खडबडीत करा. त्यावर फूटभर मिश्रण: तीन घमेली जाड वाळू किंवा धुतलेली क्रश सँड, एक घमेलं माती, एक घमेलं चांगलं कुजलेलं खत. इथं ठेकेदार हमखास 'गाळाची माती टाकतो, एक नंबर असते' म्हणेल. तलावाचा गाळ झाडांच्या आळ्यात उत्तम, खळग्यात विष. तो निचरा बंद करतो. ट्रॅक्टर रिकामा व्हायच्या आधी स्वतः जाऊन मुठीत दाबून बघा. लाडू वळला की परत पाठवा.

काळी माती जाड असेल तर प्रकरण निराळं. आम्ही खर्च वाचवायला मधोमध एक मीटर रुंद, चाळीस मीटर लांब चर मुरुमापर्यंत नेला, खडीनं भरला आणि खूश झालो. पाणी चार दिवस उभं राहिलं. नंतर डोकं लावलं: चराचं क्षेत्र ४० चौरस मीटर, मुरूम तासाला १५ मिलिमीटर पितो, म्हणजे तासाला ६०० लिटर. साठ हजार लिटरना शंभर तास! हे गणित आधी केलं असतं तर मे महिन्यातच कळलं असतं. दुसऱ्या वर्षी त्याच चराच्या तळाशी छिद्रं पाडलेला चार इंची पीव्हीसी पाइप घातला, त्याच्याभोवती २० एमएम खडी, वर दोन इंच बारीक खडी, वर वाळूचं मिश्रण, आणि पाइपचं तोंड पावसाळी गटारात काढलं. आता दीड दिवसात खळगा कोरडा होतो. काही पाणी जिरतं, काही गाळून, सावकाश जातं. गटाराची पातळी वर असल्यामुळं पाइप काढता येत नसेल तर खोली चार-पाच इंचांवर आणा आणि पसारा वाढवा.

दोन दिवसांत खळगा कोरडा झालाच पाहिजे, यात तडजोड नाही. डासाची अंडी घालण्यापासून डास उडेपर्यंत आठवडाभर लागतो. पाणी ४८ तासांत गेलं तर डेंग्यूच्या नावानं कुणी बाग बंद पाडू शकत नाही.

आता पाणी आत घेण्याचं दार. रस्त्याच्या कडेचा दगड दीड फूट रुंद काढा, आतली बाजू रस्त्यापेक्षा दोन-तीन इंच खाली ठेवा, नाहीतर पहिल्याच पावसात पानं अडकून दार बंद होतं. दारातून पाणी थेट खळग्यात सोडू नका. मध्ये विटांचा किंवा डबराचा एक गाळखड्डा करा, चार फूट बाय चार फूट, दीड फूट खोल, तळाला जिरायला जागा ठेवून. रस्त्याची माती, गुटख्याच्या पुड्या, चिंध्या, सगळं तिथं बसतं आणि फावड्यानं उचलता येतं. तिथून खळग्यात उतरताना दगडी पिचिंग, म्हणजे धार पडून घळ होणार नाही.

सांडवा समोरच्या टोकाला, तळापासून दहा इंचांवर, तीन-चार फूट रुंद आणि दगडानं बांधलेला. त्याची पातळी सर्वांत जवळच्या घराच्या ओट्यापेक्षा चांगली फूटभर खाली आहे ना, हे नळीनं पुन्हा एकदा बघा. पुन्हा. मी गंमत करत नाही.

बोअर पुनर्भरणाचा मोह होईल. रस्त्याचं पाणी बोअरमध्ये सोडू नका. त्यात ऑइल असतं, शेण असतं, आणि भूजलात गेलेली घाण काढता येत नाही. बोअरला फक्त छपराचं पाणी, तेही गाळून.

निघालेल्या काळ्या मातीची प्लॉटच्या कोपऱ्यात चार फुटी टेकडी करा. मुलांना घसरगुंडीपेक्षा ती जास्त आवडते. वाटांना पेव्हर ब्लॉक नको. आपल्याकडे शहाबादी फरशी आहे. ती मुरुमावर, सांधे सिमेंटनं न भरता बोटभर फटी ठेवून बसवा. फटींतून हरळी येते, पाणी जिरतं, आणि एखादी फरशी फुटली तर तेवढीच बदलता येते. कट्टा कडुनिंबाच्या पूर्वेला, म्हणजे दुपारची सावली त्यावर पडेल.

झाडं: कुणाचे पाय ओले राहणार

नर्सरीत जाऊन 'शोभेची दोनशे रोपं' मागू नका. जागेनुसार यादी करा.

खळग्याच्या तळात असं काहीतरी हवं जे दोन दिवस पाण्यात आणि सात महिने कोरड्यात राहील. वाळा याला तोड नाही, मुळं माणसाच्या उंचीपेक्षाही खोल जातात आणि निचऱ्याच्या वाटा उघड्या ठेवतात. त्याच्या जोडीला निर्गुडी आणि पवना गवत. कर्दळ दिसते छान, पण एप्रिलमध्ये पाणी मागते. ती गाळखड्ड्याशेजारी चार कंद, बास. उतारावर करंज, जांभूळ, अर्जुन, उंबर. यांना पाय ओले झालेले चालतात. वर, कोरड्या कडेला कडुनिंब, बहावा, आपटा, शमी, बोर, सीताफळ आणि कुंपणाला तरवड. तरवड तर आपल्या माळावरच फुकट उगवतो, पिवळाधमक फुलतो आणि शेळी तोंड लावत नाही. बहावा खळग्यात लावू नका, काळ्या मातीत पाणी साचलं की तो रुसतो.

सुबाभूळ नको, कोनोकार्पस नको, हिरवळीचं गालिच्यासारखं लॉन तर अजिबात नको. ज्या गावात नळाला रोज पाणी येत नाही तिथं लॉनला रोज पाणी मारणं हे मला बघवत नाही.

लागवड जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर. चार-पाच फुटी मोठी रोपं आणू नका. लहान रोप दुष्काळाला लवकर सरावतं. आळ्यात उसाचं पाचट चार बोटं जाड पसरा. जिल्ह्यात ऊस उदंड आणि पाचट पेटवून देणारेही उदंड, तेव्हा एखाद्या शेतकऱ्याला विचारलं तर तो ट्रॉली भरून देतो. पाचट फक्त वरच्या झाडांना. खळग्यात टाकलं तर पहिल्या पावसात तरंगत जाऊन सांडव्याचं तोंड बंद करेल. तिथं बारीक खडीचा थर पुरे.

पहिला सप्टेंबर

पहिल्या वर्षी काहीतरी चुकणार. पाऊस चालू असताना दोघांनी बागेत असावं, एकानं दारापाशी, एकानं सांडव्यापाशी, फावडं हातात. कुठून पाणी बाजूनं फुटतंय, कुठं माती धुपतेय, हे त्या वीस मिनिटांतच दिसतं. पाऊस थांबल्याची वेळ लिहा आणि खळगा कोरडा झाल्याची वेळ लिहा. हा आकडा दरवर्षी लिहून ठेवा. चोवीस तासांचे छत्तीस, छत्तीसचे साठ होऊ लागले की समजा वर साय धरली आहे. वरचा दोन-तीन इंच थर खरवडून काढा आणि वाळू टाका. पुन्हा सगळं खोदायची गरज नसते.

गाळखड्डा मे अखेरीला एकदा आणि पावसाळ्यात प्रत्येक मोठ्या पावसानंतर रिकामा करायचा. हे 'सगळ्यांचं काम' ठेवलं तर कुणीच करत नाही. आमच्याकडे गणपती मंडळाच्या पोरांनी ते अंगावर घेतलं, अट एवढीच की मांडव बागेच्या वरच्या भागात घालू द्यायचा. खळग्यात खांब रोवायचा नाही हे त्यांनी स्वतःच बजावलं आहे. गाजरगवत फुलायच्या आत, मुळासकट, हातमोजे घालून उपटा, अंगाला खाज सुटते.

पहिले दोन उन्हाळे रोपांना आठवड्यातून एकदा पाणी लागेलच. टँकरची वर्गणी आधी काढून ठेवा, एप्रिलमध्ये कुणी देत नाही. बुडात बारीक छिद्र पाडलेलं मडकं प्रत्येक रोपाशेजारी पुरलं तर निम्म्या पाण्यात भागतं. मडकी सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेनंतर, जानेवारी अखेरीला घेऊन ठेवा. मार्च लागला की माठांचा भाव चढतो. तिसऱ्या उन्हाळ्यात करंज आणि कडुनिंबाचं पाणी हळूहळू तोडा. पानं थोडी गळतील, लोक येऊन सांगतील की झाड मेलं. जूनपर्यंत थांबा.